चांगदेव पासष्टी : सोनं न मोडता



तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांचे मेसेज येऊन पडलेत, उत्तर देणं झालं नाही, राग मानू नका. बाबा गेले. बोदवडला होतो. दहावं-तेरावं उरकून परवा पुण्याला आलो आणि आज लॅपटॉप उघडलाय. 'दृग्दृश्यविवेक' आपण अर्ध्यात सोडलाय हे लक्षात आहे. पण आज तो घ्यायची इच्छा नाही, आज चांगदेव पासष्टी घेतो.

आधी एक प्रसंग सांगतो. तिसरा दिवस. घरात बायका बसलेल्या, आई भिंतीला टेकून. नात्यातले एक वडीलधारे भेटायला आले. रोज पोथी वाचणारा माणूस, मनात काही वाईट नाही. म्हणाले, "वैनी, किती रडता? ही सगळी माया आहे." आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मायाच व्हती ना भाऊ, म्हनून तं रडू येते."

पुढे कोणी काही बोललं नाही. चहा आला.

त्यांना काय नावं ठेवू? मी स्वतः आदल्या रात्री फोनवर तिला तेच सांगितलं होतं, फक्त माझे शब्द जास्त भारी होते. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, गेलं ते नामरूप, तू साक्षी हो वगैरे. रात्री सगळे झोपल्यावर तिनं मलाही सोडलं नाही. "तू बी फोनवर तेच सांगे. सगळं खोटंच हाये तं मंग रातच्या गाडीनं धावत कशाले आला रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच-सहा वर्षं वेदांत वाचतोय, तुमच्याशी रोज बोलतोय, आणि सातवी शिकलेल्या बाईच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही.

आता विषयाकडे. मराठीत 'माया' हा एक भलताच शब्द आहे. वेदांतात माया म्हणजे भास घडवणारी शक्ती. घरात माया म्हणजे जीव लावणं. बाजारात माया म्हणजे जमवलेला पैसा. आणि शिंप्याकडे गेलात तर माया म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता येईल असं. आई शिवणकाम करायची, त्यामुळे हा चौथा अर्थ मला पहिल्या अर्थाच्या किती तरी आधी माहीत होता. एकच शब्द भासालाही आणि प्रेमालाही वापरणाऱ्या भाषेत "सगळी माया आहे" हे वाक्य सांत्वन म्हणून चालणार कसं?

पण शास्त्रावर अन्याय नको. आचार्यांनी जगाला 'खोटं' कधीच म्हटलेलं नाही, हे आपण मागे पाहिलंय. त्यांचा शब्द 'मिथ्या'. वंध्येचा मुलगा किंवा सशाचं शिंग म्हणजे असत्, ते कधी दिसतच नाही. ब्रह्म म्हणजे सत्, ते कधी बाधित होत नाही. आणि जे दिसतं, उपयोगी पडतं, पण ज्ञान झाल्यावर 'ते तसं नव्हतं' असं कळतं, ते या दोन्हींत बसत नाही, ते मिथ्या. ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच आचार्य अध्यासापासून करतात: शिंपल्यावर चांदी दिसते, एकच चंद्र दोन दिसतात, म्हणजे एकावर दुसऱ्याचा आरोप होतो. दोरीवरच्या सापाचा दृष्टांत त्यांच्याही आधी गौडपादांच्या कारिकांत आहे. साप नव्हता, पण घाम खरोखर फुटला होता. म्हणून सत्तेच्या तीन पायऱ्या केल्या. दोरीवरचा साप प्रातिभासिक, खरी दोरी व्यावहारिक आणि ब्रह्म पारमार्थिक. बाबांचं जाणं व्यवहाराच्या पायरीवर पूर्ण खरं आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसाला पारमार्थिक पायरीवरून उत्तर देणं हीच चूक. प्रॉडक्शन सर्व्हर पडलाय आणि कोणी येऊन सांगतंय की शेवटी सगळे इलेक्ट्रॉनच आहेत. बरोबर आहे हो, पण आत्ता काय त्याचं!

एवढं स्पष्ट केलं तरी माझं समाधान होत नव्हतं, कारण माझी चूक याहून आतली होती. मी 'साक्षी' या शब्दात लपून बसलो होतो. शरीर दिसतं म्हणून मी शरीर नाही, दुःख कळतं म्हणून मी दुःख नाही, मी फक्त पाहणारा. विवेक म्हणून हे अगदी योग्य, आणि त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण बाबांना खांदा देतानाही मी 'पाहत'च होतो. स्वतःला रीड-ओन्ली करून टाकलं होतं. रडू आलं नाही, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

तेराव्यानंतर चुलतभावाच्या गाडीवर बसून मुक्ताईनगरला गेलो आणि तिथून पुढे चांगदेवला. आमच्या बोदवडपासून ही ठिकाणं इतकी जवळ आहेत की लहानपणी त्यांचं काही वाटायचं नाही. मुक्ताईनगर म्हणजे जुन्या लोकांचं एदलाबाद. तिथल्या कोथळी-मेहूण परिसरात, तापीच्या काठी, विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या असं वारकरी परंपरा सांगते, ते वर्ष 1297. आषाढीला मुक्ताईची पालखी इथूनच पंढरपूरला निघते आणि महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. आणि चांगदेव हे गाव तापी-पूर्णेच्या संगमावर, तिथे चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. म्हणजे पासष्टी ज्यांना लिहिली ते, आणि परंपरेनुसार ज्या त्यांच्या गुरू झाल्या त्या, दोघंही आमच्या तापीकाठचे. शाळेत असताना यात्रेतली जिलेबी तेवढी लक्षात राहिली!

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात. चांगदेव मोठे योगी, चौदाशे वर्षं काळाला चुकवत जगलेले असं सांगतात. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर समोरचा ज्ञानानं थोर, 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद शिष्याच्या हाती पाठवला. तो पाहून मुक्ताबाईंनी टोला हाणला की चौदाशे वर्षं जगून हा कागदासारखाच कोरा राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. त्या उत्तराच्या 65 ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी.

मी ही गोष्ट नेहमी चांगदेवांच्या अहंकाराची म्हणून वाचत आलो. या वेळी संगमावर बसून वाटलं की चांगदेव अडले ते खऱ्या जागी अडले. मायना म्हणजे काय? मी कोण, तू कोण आणि आपलं नातं काय, हे पत्राच्या पहिल्याच ओळीत ठरवून टाकणं. एकदा ठरवलं की दोन झाले, मग पुढचं सगळं पत्र त्या दोघांतलं. त्यांना ते ठरवता आलं नाही. आणि कोरं असलं तरी ते पत्रच होतं. कोणी तरी पाठवलं, कोणी तरी वाहून नेलं, कोणी तरी उघडून पाहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ती रिकामी स्ट्रिंग आहे, नल नव्हे. फरक किती मोठा असतो ते ज्यांनी रात्री दोनला डीबगिंग केलंय त्यांना सांगायला नको.

बाबांचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. चुकून अंगठा दाबला गेलेला, चार सेकंदांचा. त्यात शब्द एकही नाही, फक्त पंख्याचा आवाज. असे ते बरेच पाठवायचे आणि मी वैतागायचो. हा एक डिलीट करायचा राहिला होता.

ज्ञानदेवांनी या कोऱ्या कागदाला दिलेलं उत्तर नीट पाहू. ओव्या मी इथे उतरवत नाही, तुमच्याकडे पुस्तक असेल तर शेजारी ठेवा. सुरुवातच चमत्कारिक आहे. तो लपला की जगाचा आभास दाखवतो, आणि प्रकट झाला की तो आभास गिळून टाकतो. इथवर नेहमीचा वेदांत. पण लगेच ते म्हणतात की खरं पाहता तो लपलेलाही नाही आणि प्रकटही नाही, कितीही रूपं घेतली तरी त्याला काही होतच नाही. मग दृष्टांतांची रांग. सोनं सोनेपणाला बट्टा न लागता दागिना होतं. लाटांचा पडदा आला म्हणून पाणी झाकलं जात नाही. कापड दिसतं, पण ते सुतापलीकडे काही नाही. मडकं दिसतं, ती मातीच.

इथे एक गोष्ट सहज निसटते. दोरी-सापाच्या दृष्टांतात साप जावा लागतो, साप असेपर्यंत दोरी दिसत नाही. सोनं-दागिन्यात तसं नाही. दागिना दिसत असतानाच सोनं दिसतंय, दुसरं काही दिसतच नाहीये. म्हणून ज्ञानदेव जवळपास असं सांगतात की द्रष्टा आणि दृश्य हा खेळ अविद्येमुळे चालतो वगैरे मला ठाऊक नाही, हे आहे ते आयतंच असं आहे. केवढं धाडस! अख्खं शास्त्र ज्या अविद्येवर उभं, तिलाच ते बाजूला सारतात.

हा प्रश्न लहान नाही. अज्ञान म्हणजे नेमकं काय, आणि ते कोणाचं? ब्रह्माचं म्हणावं तर ब्रह्म अज्ञानी ठरतं. जीवाचं म्हणावं तर जीव मुळात अज्ञानातूनच झालाय, मग आधी कोण? आमच्याच जळगाव जिल्ह्यात अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीच्या पैशातून अद्वैताचा अभ्यास, कल्पना करा. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात, प्रताप हायस्कूलचे शिक्षक ते नंतर झाले. तिथले तीन अभ्यासक, जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती, यांनी मिळून 1933 मध्ये 'अज्ञान' याच नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं. एकाच छताखाली राहणारे तीन विद्वान, आणि अज्ञानाविषयी प्रत्येकाची मांडणी वेगळी. रेल्वेनं कितीदा अमळनेरवरून गेलो असेन, पण हे मला पुण्यात राहायला आल्यावर कळलं.

उत्तरकालीन अद्वैती सांगतात की अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे, ते भावरूप आहे. पुरावा म्हणून गाढ झोप देतात. उठल्यावर आपण म्हणतो, 'छान झोपलो, काही कळलं नाही.' काही कळलं नाही, हे कोणाला कळलं? ते 'न कळणं' साक्षीनं पाहिलं म्हणून आठवलं. युक्तिवाद मजबूत आहे. ज्ञानदेव 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात, म्हणजे अज्ञानखंडनात, नेमकं हेच उलटवतात. अज्ञान जिथे आहे तिथे ते पूर्ण झाकतं की नाही? पूर्ण झाकत असेल तर 'अज्ञान आहे' हे सांगायला कोणी उरणार नाही. आणि झाकत नसेल तर त्याला अज्ञान म्हणायचं कशाला? दहा प्रकरणांच्या ग्रंथात हे प्रकरण सगळ्यात लांब आहे. एका नसलेल्या गोष्टीला हाकलण्यासाठी इतक्या ओव्या!

गावी लाईट गेल्यावर मोबाईलची बॅटरी लावून घरात अंधार शोधत फिरा. प्रत्येक खोलीत गेलात की तो तिथून निघून गेलेला. किंवा आपल्यातलं उदाहरण घ्या. 'लॉगिंग बंद आहे' अशी नोंद लॉगमध्ये सापडली तर लॉगिंग चालू आहे ना? 'मला काही समजत नाहीये' हे मला समजतंय. कोऱ्या कागदाचा कोरेपणा दिसतोय तो उजेडातच.

मग पासष्टी आरशाकडे वळते. आरसा आणला की मुखच मुखाला पाहतं, पण म्हणून तोंडं दोन होत नाहीत. आरसा नेला तरी मुख आहेच, फक्त 'पाहणं' नावाची घटना घडत नाही. हवं तर फोनचा समोरचा कॅमेरा उघडून बंद करून पाहा. पाहणारा, पाहिलं जाणारं आणि पाहणं ही त्रिपुटी म्हणजे तीन वेगळ्या वस्तू नव्हेत, एकच जाणीव स्वतःला तीन अंगांनी भेटते. माझा घोटाळा मला इथे सापडला. मी द्रष्टा वेगळा काढून सुरक्षित जागी ठेवला होता आणि आईचे अश्रू 'दृश्य' या खात्यात टाकले होते. विवेकाच्या पहिल्या टप्प्यावर ही विभागणी लागते. पण तिथेच घर बांधलं तर ते द्वैतच झालं, फक्त सोवळं नेसलेलं. लाट उठली तेव्हा पाणी काठावर उभं राहून बघत नव्हतं.

'अमृतानुभवा'ची सुरुवातही आठवा. पहिल्याच प्रकरणात ज्ञानदेव शिव-शक्तीला वंदन करतात ते नवरा-बायको म्हणून. एकच असून प्रेमाच्या गोडीसाठी दोघं झालेले, आणि दोघं असून एकमेकांवाचून एक क्षण न उरणारे. तिथे शक्ती ही फसवणारी माया नाही. म्हणूनच अभ्यासक त्यांच्या विचाराला मायावादापेक्षा चिद्विलासवाद म्हणणं पसंत करतात. जग म्हणजे चैतन्याची चूक नव्हे, चैतन्याचा विलास. माझं मत विचाराल तर आचार्य आणि ज्ञानदेव शेवटी एकाच जागी पोचतात, पण दार वेगळं आहे, आणि दुःखात असलेल्या माणसाला कुठल्या दारातून न्यायचं याचं भान ठेवायला हवं. मी ठेवलं नाही.

आता सोन्याचं.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं तिची पोत माझ्या हातात ठेवली. "जयगावले घेऊन जा, मोडून टाक. नातीले कानातलं कर." जळगावचा सराफ बाजार तुम्हाला माहीत आहे. दुकानात गर्दी होती. सराफानं पोत हातात घेतली, काळे मणी आणि दोरा बाजूला काढावा लागेल म्हणाला, टंच पाहिला, काट्यावर ठेवली, घट किती जाईल ते सांगितलं. कोणाची, किती वर्षांची, का मोडताय, एक शब्द विचारला नाही. मला गंमत वाटली. हा पक्का वेदांती. याला वाट्या दिसतच नाहीत, नुसतं सोनं दिसतं. नामरूप बाजूला, तत्त्व काट्यावर.

पण तो काढून ठेवलेला दोरा पाहताना दुसरंच सुचलं. सराफाला सोनं मिळवायला दागिना मोडावा लागतो, ज्ञानदेवांना लागत नाही. त्यांच्या दृष्टांतात कोणी काही वितळवत नाही. ती पोत आईच्या गळ्यात होती तेव्हाही पूर्ण सोनंच होती, तिचा घाट सोन्याच्या आड कधी आलाच नव्हता. मी मात्र तीन आठवडे आईला सांगत होतो की आधी वितळ, मग तुला सोनं दिसेल.

तिथेच उभं राहून रडायला आलं. सराफानं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याला सवय असावी.

बाहेर येऊन आईला फोन लावला. वजन विचारलं तिनं. सांगितलं. बाबांनी पावती जपून ठेवलेली, ती तिनं कपाटातून काढून बघितली असावी, कारण थोड्या वेळानं म्हणाली, "पावतीच्या परीस अर्धा ग्राम कमी भरते."

म्हटलं, "इतकी वर्षं घातलीस, झिजलं असेल."

"हो, झिजलंच असन. जाईन कुठं, घरातच असन कुठी तरी." मग जरा थांबून, "मोडली का रे?"

"नाही."

"बरं. घेऊन ये मंग."

उद्या मिठाची ओवी घेऊ. समुद्राला भेटायला निघालेल्या मिठाचा खडा, आणि चांगदेवांना भेटायला जाताना झालेली भेट विसकटेल अशी ज्ञानदेवांना वाटलेली भीती. 'दृग्दृश्यविवेक' पुढच्या सोमवारपासून.

रामकृष्ण हरी.